सात माथ्यांचा फेरा

हैदराबादच्या बरकतपुऱ्यात एकनाथराव कंधारकर यांचे नाव निघाले की पाठोपाठ हरकत हा शब्द येई. नळाला पाणी उशिरा आले, म्युनिसिपालिटीने दिव्याचा खांब भलत्याच कोपऱ्यावर रोवला, ग्रंथालयाने वार्षिक सभेची सूचना नियमाप्रमाणे आगाऊ लावली नाही, की एकनाथरावांची हरकत तयार असे. ती शुद्ध मराठीत असे, आणि जरूर पडल्यास तितक्याच शुद्ध उर्दूत. एका मराठी शाळेत ते भूगोल आणि कवायत शिकवीत. पंचेचाळिशी उलटली तरी पाठीचा कणा भिंतीला टेकवून ठेवल्यासारखा ताठ होता. मास्तर झोपतातसुद्धा सावधानमध्ये, असे मुले म्हणत.

त्यांच्या आयुष्यातली सर्वांत मोठी हरकत मात्र कोणी ऐकून घेतली नाही. हैदराबाद राज्य मोडायचे, मराठवाडा मुंबईला जोडायचा, कानडी मुलूख म्हैसूरला आणि तेलंगण आंध्राला, असे वारे वाहू लागले तेव्हा त्यांनी राज्य पुनर्रचना आयोगाकडे निवेदन धाडले. ज्या शहरात सकाळी तेलुगूत दूध येते, दुपारी उर्दूत हुकूम सुटतो आणि संध्याकाळी मराठीत आरती होते, ते शहर एका भाषेच्या दावणीला बांधू पाहणाऱ्यांना नकाशा वाचता येत असेल, गाव वाचता येत नाही, असा त्याचा आशय होता. पोच आली. उत्तर आले नाही. ज्यांच्या हाती कात्री होती त्यांनी दिल्लीत बसून कापड कापले, आणि एकनाथरावांच्या वाट्याला निरोपसमारंभ आले. महिन्यागणिक कोणी ना कोणी गळ्यात हार घालून घेई, डोळे टिपून घेई, आणि औरंगाबादला नाही तर परभणीला रुजू व्हायला निघून जाई. जाताना प्रत्येक जण एकनाथरावांना सांगे की तुमचे म्हणणेच खरे होते. त्याचा त्यांना फार संताप येई.

काचीगुड्याच्या मागच्या अंगाला मराठी मंडळींची एक व्यायामशाळा होती. तांबड्या मातीचा आखाडा, दोन मल्लखांब, आणि पावसाळ्यात हमखास गळणारे पत्रे. तिचे एकच वैशिष्ट्य सांगण्याजोगे होते. दसऱ्याला इतर गावांतले लोक वेशीबाहेर जाऊन आपट्याची पाने आणतात आणि सीमोल्लंघन झाले असे मानतात. ह्या व्यायामशाळेने सीमोल्लंघनासाठी शहराभोवतीचे सात डोंगर धरले होते. सूर्य उगवताना मौला अलीवर असायचे, मग कदमे रसूल, अडिकमेटचा कातळ, नौबत पहाड, बंजारा टेकडी आणि शेखपेठचा सुळका करीत सूर्य मावळताना गोवळकोंडा किल्ल्याच्या माथ्यावर, बालाहिसारवर पोचायचे. चढ चालत, सपाटी धावत. पहिल्या माथ्यावर आखाड्यातली चिमूटभर माती ठेवायची, आणि सातही माथ्यांवर मंडळींनी रचलेल्या दगडांच्या राशीत एकेका दगडाखाली आपट्याचे पान दाबायचे. दिवसभरात आपल्या घराचा उंबरा ओलांडायचा नाही. रझाकारांच्या धामधुमीतही हा फेरा चुकला नव्हता.

नियम आणखी एक होता, आणि तो एकनाथरावांचा होता. एका वर्षी नामदेवराव वकिलांनी शेखपेठचा सुळका खालूनच नमस्कार करून आटोपला, असा त्यांना संशय आला. तेव्हा त्यांनी सभेत ठराव मांडला: किमान दोन सभासदांनी सातही माथ्यांवर पाने ठेवली तरच फेरा धरावा, आणि ज्या वर्षी फेरा धरला जाणार नाही त्या वर्षी व्यायामशाळेला कुलूप लावावे. सभेला पन्नास माणसे होती, त्यामुळे दोन हा आकडा सगळ्यांना विनोदी वाटला. गोविंदाने हसत हसत अनुमोदन दिले.

गोविंद म्हणजे इंदुमतीबाईंचा धाकटा भाऊ, एकनाथरावांचा मेहुणा. महसूल खात्यात कारकून. एकनाथराव जितके काटेकोर तितका हा सैल. लग्नात करवला म्हणून आलेला हा मुलगा पुढच्याच दसऱ्याला त्यांच्याबरोबर मौला अली चढला, आणि तेव्हापासून दोघे प्रत्येक फेऱ्याला जोडीने होते. उतारावर गोविंद धावत सुटे आणि एकनाथराव मागून त्याला उतारावर धावण्याचे तोटे ऐकवीत. आपट्याऐवजी तो खुशाल शमीची पाने आणी, कारण त्याच्या शेजारची तेलुगू माणसे दसऱ्याला शमीच वाटीत. जम्मी म्हणत ती तिला. एकनाथरावांनी दर वर्षी हरकत घ्यावी आणि गोविंदाने दर वर्षी तेच उत्तर द्यावे: “भाऊजी, सोनं म्हणून दिलं की ते सोनं. झाडाची जात कशाला विचारता?”

गेल्या संक्रांतीला ह्या गोविंदाने बहिणीच्या घरी येऊन, तिळगूळ हातात असतानाच, आपण मराठवाड्यात बदली मागून घेतल्याचे सांगितले. नवऱ्याचा चेहरा पाहून इंदुमतीबाईंनी विषय बदलायचा प्रयत्न केला, पण गोविंद बोलत राहिला. आपल्याला तेलुगू बोलता येते, लिहिता येत नाही. उद्या कचेरीचा कारभार तेलुगूत झाला तर चाळिशीत बाराखडी गिरवायची का, असे त्याचे म्हणणे होते. म्हणणे खोटे नव्हते. एकनाथरावांना तेच झोंबले. सगळे ऐकून घेऊन ते शांतपणे म्हणाले, “ज्याला हे गाव नकोसं झालं, त्यानं माझा उंबरा ओलांडू नये.”

गोविंदाने हातातला तिळगूळ ताटलीत परत ठेवला आणि तो उठला. संक्रांत गेली, पाडवा गेला, राखी पौर्णिमेला इंदुमतीबाई स्वतः भावाकडे जाऊन आल्या. दसरा आला तेव्हा व्यायामशाळेत डोंगर चढण्याजोगे दोघेच सभासद उरले होते, आणि त्या दोघांत बोलणे नव्हते.

खंडेनवमीला आखाड्याची पूजा झाली तेव्हा एकनाथरावांखेरीज तिथे फक्त हिम्मतराव होते. जुने पहिलवान, दोन्ही गुडघे कधीच निकामी झालेले, पण आखाडा झाडायला रोज येत. फेऱ्यासाठी माती घ्यायला एकनाथराव वाकले तर कोपऱ्यात कोणी बोटांनी उकरल्यासारखा एक ताजा खळगा दिसला. त्यांनी फाटक उघडे टाकण्याबद्दल तक्रार केली. मांजर असेल, म्हणून हिम्मतरावांनी ती मिटवली आणि विचारले, “उद्या कोण कोण?”

“मी.”

“मग फेरा धरायचा नाही म्हणा की.”

“फेरा मी करणार. धरायचा की नाही ते नियम बघून ठरेल.”

“नियम तुमचाच आहे, मास्तर,” हिम्मतराव म्हणाले, आणि झाडू घेऊन निघून गेले.

संध्याकाळी इंदुमतीबाई पुरणाची डाळ निवडीत बसल्या होत्या. नवऱ्याकडे न बघता त्यांनी सांगितले की गोविंद उद्या निघतो आहे. बायकामुले आधीच औरंगाबादला पोचली आहेत. उद्या संध्याकाळी सिकंदराबादहून मनमाडच्या गाडीने तो जाईल. एकनाथरावांनी आपट्याची पाने आणली आहेत का, एवढेच विचारले. इंदुमतीबाईंनी कोनाड्याकडे बोट दाखवले.

“तुमच्या नियमांत ठेसनावर जायला मनाई आहे का हो?”

फेरा सूर्यास्ताला गोवळकोंड्यावर संपतो, आणि तिथून गाडीच्या वेळेला सिकंदराबाद गाठणे अशक्य आहे, असे एकनाथरावांनी समजावून सांगितले. ते अगदी खरे होते. खरे असल्यामुळे त्यांना त्याचा मोठा आधार वाटला.

दसऱ्याच्या सकाळी मौला अलीच्या पायऱ्या चढताना त्यांच्या बुटांचा आवाज त्यांनाच मोठा वाटू लागला. इतर वर्षी इथे वीसपंचवीस जणांचा कालवा असे. वर दर्ग्याचा म्हातारा मुजावर अंगण झाडीत होता. त्याने त्यांच्या पाठीमागे पाहिले, आणखी कोणी वर येत नाही ना याची खात्री करून घेतली, आणि म्हणाला, “इस साल अकेलेच, मास्टर साब?” एकनाथरावांनी मान हलवली. दर्ग्याच्या भिंतीपलीकडच्या कातळावर रास होती. तिच्यावर त्यांनी तांबडी माती ठेवली, पान दाबले. गेल्या वर्षीची पाने दगडाखाली काळी पडून चिकटली होती. ताजे एकही नव्हते. सूर्य वर आला तरी ते निघाले नाहीत. बुटांच्या नाड्या त्यांनी सोडल्या आणि पुन्हा बांधल्या, आणि मग आणखी एकदा.

मौला अलीवरून सकाळी सारे शहर पायाशी दिसते. पश्चिमेला, धुराच्या आणि झाडांच्या पलीकडे, गोवळकोंड्याचा माथा मुंगीच्या वारुळाएवढा उमटतो. नव्या सभासदाला तो दाखवून, तिथे संध्याकाळी पोचायचे आहे असे सांगून घाबरवणे ही गोविंदाची दर वर्षाची चेष्टा. एकनाथरावांनी एकदा तिकडे बघून घेतले आणि उतार धरला.

कदमे रसूलवर वारा होता. दोन उभ्या दगडांमधून तो शीळ घालीत येतो, आणि माणसे सोबत असली म्हणजे ती शीळ ऐकू येत नाही. अडिकमेटच्या कातळावर विद्यापीठातली दोन मुले सावलीत पुस्तके घेऊन बसली होती. एकाने तेलुगूत काही विचारले. मास्तरांनी तेलुगूतच उत्तर दिले, पण तो हसला आणि इंग्रजीत शिरला. ह्या शहरात जन्म काढलेल्या माणसाला पाहुणा ठरवायला, म्हणजे राज्य रीतसर मोडायला, अजून पंधरवडा अवकाश होता. मुलाने घाई केली होती, इतकेच. एकनाथराव राशीपाशी गेले. तिथेही ताजे पान नव्हते. स्वतःचे पान दाबून त्यांनी खिशातले गूळ-शेंगदाणे खाल्ले. सात माथ्यांपैकी तीन झाले होते, आणि सकाळपासून ते जेवढे बोलले होते त्याहून अधिक एरवी ते नळाशी बोलत.

अडिकमेटहून नौबत पहाडाला जाणारी सरळ वाट बरकतपुऱ्यातून, त्यांच्याच घरावरून जाते. उंबरा ओलांडायला मनाई होती. फाटकापर्यंत जायला नव्हती. दर वर्षी दुपारी इंदुमतीबाई पाण्याचा हंडा आणि तांब्या घेऊन फाटकाबाहेर उभ्या राहत, आणि फेऱ्यातले सगळे जण तिथे ओंजळीने पाणी पीत. गोविंद सर्वांत शेवटी पिई, आणि हंडा रिकामा झाला म्हणून बहिणीवर रागावल्याचे सोंग करी. ह्या वर्षीही इंदुमतीबाई उभ्या असणार हे एकनाथरावांना ठाऊक होते. पाणी देताना त्या गाडीची वेळ पुन्हा सांगणार हेही ठाऊक होते. गल्लीच्या तोंडाशी ते क्षणभर थांबले. मग उजवीकडे वळून, रामनगर, चिक्कडपल्ली अशा लांबच्या वळशाने, हुसेनसागराच्या बांधाखालून निघाले. दारादारांवर झेंडूची तोरणे होती. उघड्या खिडक्यांतून पुरणाचा वास येत होता. आज सणाच्या दिवशी हा गृहस्थ चड्डी आणि बूट घालून कुठे धावतो आहे, हे पाहायला काही लोक पाटावरून उठून दाराशी आले.

नौबत पहाडावर एके काळी नगारा वाजवून फर्माने सुनावीत. आता फर्माने मुकाट निघतात, आणि माणसाला आपले राज्य गेल्याचे वर्तमानपत्रातून कळते, असे एकनाथराव दर वर्षी इथे म्हणत. ह्या वर्षी म्हणायला कोणी नव्हते. ते राशीशी वाकले आणि वाकलेलेच राहिले.

सर्वांत वरच्या दगडाखाली एक पान होते. आपट्याचे जुळे, रुंद पान नव्हे. बारीक बारीक पर्णिकांची हिरवी डहाळी. शमी. हात लावला तर अजून मऊ होती.

एकनाथराव हसले. मोठ्याने हसले, आणि आपलाच आवाज ऐकून त्यांनी आजूबाजूला पाहिले.

सगळे त्यांच्या ध्यानात आले. गोविंद फेऱ्यात होता. सकाळी पहिले तीन माथे त्याने सफाईने चुकवले होते आणि काचीगुड्यातल्या बिऱ्हाडातून निघून थेट इथून सुरुवात केली होती. सोयीची वाट काढण्यात तो पहिल्यापासून पटाईत. आता तो पुढे कुठे तरी, बंजारा टेकडीच्या वाटेवर असणार. गोवळकोंड्याला पोचण्याआधी त्याला गाठले तर सगळेच जमत होते. तीन माथे राहिले म्हणून फेरा धरता येणार नाही, ही हरकत त्यांनी पहाड उतरता उतरता तयार केली. तिच्यामागून जे सांगायचे होते ते मात्र तयार होईना. ‘संक्रांतीच्या दिवशी केलेले विधान मी मागे घेतो.’ हे त्यांनी खैरताबादपर्यंत घोळवले आणि सोडून दिले. गोविंद ह्यावर हसला असता.

ते धावू लागले. सपाटीवर धावले, आणि चढ लागला तेव्हा चालण्याचा नियम विसरून चढही धावले. बंजारा टेकडीवर तेव्हा मोजके बंगले होते. बाकी सगळे धोंडे, सीताफळीची झुडपे आणि पिवळा तरवड. एकावर एक तोलून ठेवल्यासारखे ते प्रचंड गोटे उन्हाने तापले होते. माथ्यावरच्या राशीत शमी होती, पण तिच्या पर्णिका मिटू लागल्या होत्या. म्हणजे गोविंद इथून जाऊन बराच वेळ झाला. म्हणजे तो पुष्कळ पुढे निघून गेला होता.

खाली एक वडार बाई घणाने दगड फोडीत होती. एकनाथरावांनी तिला विचारले की असा असा एक माणूस इथून जाताना पाहिला का.

“गये ना, साब. सुबू गये. भोत जल्दी में थे.”

“किधर गये?”

“नीचे,” ती म्हणाली. टेकडीच्या चारी अंगांना नीचेच होते. घण पुन्हा उचलताना तिने त्यांच्या घामाने भिजलेल्या सदऱ्याकडे पाहिले. “आज तुम लोगां कू काम-धंदा नहीं क्या? पहाडां चढते फिररे.”

सुबू हा शब्द एकनाथरावांच्या मनात बोचला. सकाळीच जर तो इथे होता, तर चालण्याने भागणार नव्हते. शेखपेठच्या वाटेवर उतार लागला आणि इतक्या वर्षांत जे कधी केले नव्हते ते त्यांनी केले. उतारावर धावले. ‘गोविंदा, त्या दिवशी मी बोललो ते मनापासून नव्हतं.’ पण ते मनापासूनच होते. खोटे कशाला बोलावे? ‘गोविंदा, तू जा, जायलाच हवं, पण...’ ह्या पणच्या पुढे काय ते सुचण्याआधी त्यांचा पाय मुरमावरून घसरला. गुडघा फुटला. त्यांनी त्यावर रुमाल बांधला, आणि उतारावर धावण्याच्या तोट्यांचा पाठ मागून कोणी म्हणून दाखवत नाही ना, अशा नजरेने मागे वळून पाहिले.

शेखपेठच्या सुळक्यावर हात टेकत, चार पायांनी चढावे लागते. शेवटच्या धोंड्यावर गोविंद नेहमी वरून हात देई. आता एकनाथरावांनी फटीत बोटे रुतवली, छाती दगडाला घासत स्वतःला वर ओढून घेतले, आणि रास पाहिली. शमी होती. पर्णिका गळायला लागून नुसती काडी उरली होती. दर माथ्यागणिक गोविंद दूर जात होता. ह्या चाळिशीतल्या कारकुनाच्या पायांत एवढे बळ कुठून आले, ह्याचे त्यांना कौतुक वाटले, आणि त्याच्या मागोमाग भीती वाटली. उन्हे कलती झाली होती. गोवळकोंड्यावर पान ठेवून तो तसाच बसने सिकंदराबादला निघून गेला तर? तिथून पुढे ते काही ठरवीत बसले नाहीत. वाक्याची काटछाट होत होत दोनच शब्द उरले होते, आणि त्यांना त्यांत हरकत घेण्याजोगे काही सापडत नव्हते. घरी ये.

किल्ल्याच्या दरवाज्यात सणाला आलेली मंडळी घुमटाखाली उभी राहून टाळ्या वाजवीत होती. इथली टाळी वर बालाहिसारवर ऐकू जाते, म्हणून येणारा प्रत्येक जण वाजवतोच. एकनाथराव त्यांच्यातून वाट काढीत पायऱ्यांकडे गेले. पायऱ्या अर्ध्या झाल्यावर त्यांनी हाक मारून पाहिली. वरून एका अनोळखी कुटुंबाने वाकून खाली पाहिले.

माथ्यावर ते कुटुंब होते, माकडे होती, आणि कोणी नव्हते. मागच्या भिंतीशी, येणाऱ्याजाणाऱ्याच्या नजरेस न पडणाऱ्या कातळावर, शेवटची रास होती. वरच्या दगडाखालची शमी बोट लागताच चुरली. तिच्या खाली तांबड्या मातीची एक चिमूट होती.

एकनाथरावांनी ती बोटावर घेऊन नाकाशी नेली. तेल, ताक, हळद. आखाडा.

माती फेऱ्याच्या आरंभाला ठेवायची असते. गोविंद झाडाची जात विचारणारा नव्हता, पण माती कुठे ठेवायची हे त्याला पक्के ठाऊक होते. त्यांना खंडेनवमीचा तो खळगा आठवला, आणि हिम्मतरावांचे मांजर. नौबत पहाडावरची मऊ डहाळी आठवली, बंजारा टेकडीवरची मिटू लागलेली, शेखपेठची काडी, आणि आता ही भुकटी. ज्या क्रमाने ते चढले होते त्याच्या उलट क्रमाने ती पाने ठेवली गेली होती. गोविंदाने एकही माथा चुकवला नव्हता. सूर्य उगवताना तो इथे उभा होता. त्याची गाडी सिकंदराबादहून होती आणि सिकंदराबादला लागून मौला अली. म्हणून तो पश्चिमेकडून पूर्वेकडे, ठरलेल्या वाटेने उलटा, समोरून भाऊजी येतील म्हणून त्यांच्याच दिशेने निघाला होता. आणि भाऊजी दुपारपासून जिवाच्या आकांताने त्याच्यापासून दूर धावत होते. सूर्याबरोबर पश्चिमेला जायचे ह्या नियमाला दुसरी बाजू असू शकते, हे त्यांच्या मनात एकदाही आले नव्हते.

चुरलेल्या शमीशेजारी त्यांनी आपले सातवे पान दाबले आणि ते वळले. पूर्वेला, सगळ्या शहराच्या पलीकडे, मौला अलीचा कातळ मावळतीच्या उन्हात गुलाबी झाला होता. अंगठ्याच्या नखाएवढा. गोविंद ह्या घटकेला तिथे असेल, किंवा नुकताच उतरला असेल. तिथल्या राशीवरची आपट्याची पाने आणि सकाळची माती पाहून त्यालाही सगळे उमगले असेल. इतक्या अंतरावरून माणूस दिसत नाही, हे भूगोलाच्या शिक्षकाला कोणी सांगायला नको होते. तरी एकनाथराव तिथल्या सर्वांत उंच दगडावर चढून उभे राहिले. खालच्या दरवाज्यातली टाळी अधूनमधून वर येत होती. मौला अलीपर्यंत कोणतीच टाळी पोचत नाही.

“घरी ये,” ते म्हणाले. ह्या वेळी वाक्य नीट जमले. सूर्य पूर्ण बुडेपर्यंत ते दगडावरून उतरले नाहीत.

ते घरी आले तेव्हा गाडी सुटून गेली होती. फेरा संपला होता, त्यामुळे उंबरा ओलांडायला हरकत नव्हती. इंदुमतीबाईंनी त्यांचा गुडघा पाहिला आणि पाणी गरम केले. जखम धुताना त्या खाली मान घालून म्हणाल्या, “गोविंद येऊन गेला दुपारी.”

बाईंनी सांगितले ते असे की गोविंद उन्हातून धावत आला आणि फाटकाशी तांब्या हातात घेऊन उभा राहिला. भाऊजी इथे पाणी प्यायला थांबतातच, तेव्हा आपण आधी प्यायचे नाही, असे म्हणाला. बराच वेळ रस्त्याकडे बघत होता. मग ऊन सोसवेना तेव्हा बहिणीने आत बोलावले. जरा घुटमळला. नियम स्वतःच्या घराच्या उंबऱ्याचा आहे, बहिणीच्या घराबद्दल त्यात काही म्हटलेले नाही, असे म्हणून आत आला, आणि उभ्यानेच एक पुरणपोळी खाल्ली. तीन माथे राहिले होते म्हणून गेला.

“जाताना म्हणाला, अक्का, भाऊजींना सांग, उलटा आलो, पण एकही माथा चुकवला नाही. फेरा धरा म्हणावं.”

एकनाथरावांनी विचारले, “उंबरा ओलांडून आत आला?”

इंदुमतीबाईंचा हात थांबला. संक्रांतीपासून दाबून ठेवलेले सगळे त्यांच्या आवाजात आले. “हो, आला. पोळीही खाल्ली. काय म्हणणं आहे तुमचं?”

“काही नाही,” एकनाथराव म्हणाले. “काही हरकत नाही.”

त्या वर्षीचा फेरा धरला गेला. पुढच्या दसऱ्याला सातही माथ्यांवर आपट्याचीच पाने होती, तीही एकाच माणसाची, आणि स्वतःच्या ठरावाप्रमाणे एकनाथरावांनी व्यायामशाळेला कुलूप लावून किल्ली हिम्मतरावांच्या हाती दिली. गोविंद औरंगाबादला रुळला. लग्नकार्यात भेट होई; दोघे चांगले बोलत, पण चार माणसांत, आणि दोन शब्दांचे ते वाक्य बोलायची वेळ पुन्हा आली नाही. डोंगर सुटल्यावर एकनाथराव दर दसऱ्याला दुपारभर फाटकाशी खुर्ची टाकून बसू लागले. शेजारी हंडा भरलेला असे, वर पालथा तांब्या. कोणी विचारलेच तर सांगत की ह्या गल्लीत नळाला पाणी उशिरा येते. म्हणून भरून ठेवले आहे.